एका ओवीत अडकलेले ‘ख्रिस्तपुराण’

मराठीचा गौरव सांगायचा असला, की व्याख्याते दोन नावे हमखास घेतात : ज्ञानेश्वर आणि फादर थॉमस स्टीफन्स. दुसऱ्या नावापाठोपाठ ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या येतात, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. १०,९६२ ओव्यांच्या ग्रंथाशी आपला परिचय एवढाच. मीही पंचवीस वर्षे तेवढ्यावरच भागवले. या लेखात मला माझ्याच त्या वाचनाची झाडाझडती घ्यायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा ग्रंथ एकाने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत प्रार्थनेला लागावे, यासाठी रचला गेला. भाषेचा नमुना म्हणून त्याचा सत्कार करताना आपण त्याचे हे मूळ काम नजरेआड केले. त्यामुळे त्याच्या काव्याचे मोजमापही चुकले.

मी विद्यापीठात मराठी शिकलेलो नाही. जळगावात नोकरी करता करता सुटी मिळेल तसे एसटीने धुळ्याला जायचे, राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात बसायचे, जुने कागद आणि पोथ्या समजून घ्यायच्या, हेच माझे शिक्षण. त्यातून एक गोष्ट शिकलो. जुन्या पोथीच्या पानावर मजकुराखेरीज आणखीही काही लिहिलेले असते : बोटांनी काळवंडलेला कोपरा, तेलाचा डाग, हळदीचे बोट. कोणता अध्याय लोकांना पुन्हा पुन्हा हवा होता, हे तो कोपरा सांगतो. इतर पोथ्यांना मी हा प्रश्न नेमाने विचारत आलो. स्टीफन्सच्या ग्रंथाला मात्र कधी विचारला नाही, कारण तो माझ्यापर्यंत छापील पुस्तक म्हणून, गौरवाची ओवी पुढे करूनच आला होता.

स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये वारले. मधली चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत गेली. काळ कठीण होता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. देवळे पाडली गेली होती आणि जुने ग्रंथ घरात ठेवणे धोक्याचे झाले होते. बाटलेल्या घरांतून पुराणश्रवण गेले, पण त्या जागी दुसरे काही आले नव्हते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींपुढे ही उणीव मांडतो आणि जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागतो. पुढचा सगळा ग्रंथ हे त्या मागणीला दिलेले उत्तर आहे. १६१६ मध्ये तो रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र, अशी त्याची मांडणी. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे.

ग्रंथाच्या गद्य प्रास्ताविकात स्टीफन्स आपले भाषेचे धोरण सांगतात, आणि तेच व्याख्यानांत कधी येत नाही. शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून मागल्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि लोकांच्या तोंडचे सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, अशा आशयाचे ते निवेदन आहे. मराठीला रत्न म्हणणारा कवी त्याच ग्रंथात त्या रत्नाचे पैलू थोडे बोथट करायला तयार आहे, कारण त्याला ऐकणारा हवा आहे. स्तुतीच्या ओव्या या निवेदनाशेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांचा अर्थ बदलतो. ती भाषेची आरती राहत नाही. आपले काम या भाषेत होऊ शकते, असा एका परक्या माणसाला आलेला तो विश्वास आहे.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ज्या सत्तेने ही उणीव निर्माण केली, तिच्याच छायेत वावरणारा माणूस ती भरून काढत होता. जुन्या दैवतांवरचे प्रहार ग्रंथात आहेत. आज वाचताना ते खटकतात, आणि खटकायलाच हवेत. लांबलचक उपदेशाचे भागही आहेत, तिथे कवी मागे पडतो आणि शिक्षक पुढे येतो. पण स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारा हाच कवी ऐकणाऱ्याच्या मनातले घर पाडत नाही. त्याच घरात नवा दिवा लावू पाहतो. हा अंतर्विरोध मिटवून टाकणारी समीक्षा सोयीची असेल, खरी नसेल.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्याआधी १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवलेल्या नकलांमुळे. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला काढलेली आवृत्तीही अशा हस्तलिखितांवरच उभी आहे, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यातून देवनागरीत आणला. जवळजवळ अकरा हजार ओव्या कुणी भाषेच्या अभिमानापोटी उतरवून काढत नाही. ज्याला त्या रोज लागतात, तोच हे काम करतो. धुळ्यात शिकलेला काळवंडलेल्या कोपऱ्याचा धडा मला इथे उशिरा आठवला.

आठवला तो भुसावळमुळे. आमच्या जळगाव जिल्ह्यातले हे रेल्वेचे गाव. रेल्वेबरोबर इथे बाहेरून कॅथलिक कुटुंबेही आली. अशाच एका मूळच्या गोव्याच्या घरात माझे जाणे-येणे आहे. घरातल्या मावशी ऐंशीच्या पुढच्या. प्रार्थना कोकणीत, बाजार भुसावळी मराठीत, मिस्सा कधी इंग्रजीत तर कधी मराठीत, असा त्यांचा संसार. संध्याकाळी क्रुसापुढे दिवा लागतो आणि हातात जपमाळ येते. मालगाडी गेली, की शब्द ऐकू येत नाहीत, पण मणी पुढे सरकत राहतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. बहुतेक वर्षी आपल्या पणत्याही त्याच सुमारास लागतात.

एकदा मी बंडेलूंची आवृत्ती घेऊन गेलो. मला शब्द तपासायचे होते. कोकणी कानाला कोणते रूप ओळखीचे वाटते, याची टिपणे घ्यायची होती. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मारियेच्या शोकाचा भाग मी वाचू लागलो. तीन चरणांत यमक एकाच जागी येऊन आदळते आणि चौथ्या चरणावर आवाज विसावतो. डोळ्यांनी वाचताना ही रचना मला एकसुरी वाटत आली होती. त्या दिवशी ती हुंदक्याच्या चालीने चालली. एका शब्दाचा अर्थ विचारायला मी थांबलो, तेव्हा मावशींनी कपाळापासून क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, “भाऊ, थांबू नका. समजतंय मला.”

अर्धे शब्द त्यांना समजत नव्हते, हे नंतर बोलताना कळले. तरी त्या खोटे बोलल्या नव्हत्या. स्वतःचा तरुण मुलगा त्यांनी याच गावात पुरला आहे. त्या ओव्यांना चारशे वर्षांनी त्यांचा ऐकणारा भेटला होता, आणि मी पेन्सील घेऊन मध्ये बसलो होतो.

खान्देशात वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट नवी वाटायला नको होती. बहिणाबाईंची गाणी घरोटावर, शेतात, चुलीपुढे जन्मली. १९५२ मध्ये पुस्तक निघण्याआधी ती तोंडातच होती. घरोट, नांगर, मोट यांतून देवापर्यंत जाणारी वाट त्यांनी दाखवली, म्हणून आपण त्यांना कवयित्री म्हणतो. त्यांची लोकओवी आणि स्टीफन्सची ग्रंथी ओवी यांचे घाट वेगळे आहेत, हे मला मान्य आहे. पण दोघांनाही दिवसाचे काम थांबवणारा नव्हे, कामात मिसळणारा देव हवा आहे. बहिणाबाईंना आपण या कसोटीने वाचतो. मग स्टीफन्सला भाषेच्या परीक्षेला का बसवतो?

हीच कसोटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला लावून पाहावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, लॅटिन मिस्सेच्या जागी लोकभाषा आली. शास्त्र घरच्या भाषेत वाचण्याची गरज वाढली, त्या काळातले हे काम. दिब्रिटोंचे गद्य स्वच्छ आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ते परके वाटत नाही, हे त्याचे मोठे यश. पण मोठ्याने वाचताना मला त्यात श्वासाचे थांबे कमी सापडतात. ते डोळ्यांसाठी आहे, स्टीफन्सचे कानांसाठी होते. दिब्रिटोंच्या श्रद्धेचा दुसरा अर्धा भाग पुस्तकाबाहेर आहे : वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी ते गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू या पदावर कसा, असा आक्षेप घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीच्या ओव्या भाषणात मिरवायच्या आणि आजच्या पाद्रीला दारात अडवायचे, हे दोन्ही एकाच अर्धवट वाचनाचे परिणाम आहेत.

म्हणून अभ्यासकांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ची गौरवाची ओवी काही वर्षे बाजूला ठेवू. उरलेला ग्रंथ मोठ्याने वाचू, शक्य तर ज्यांचा तो आहे त्यांच्या घरात बसून. दोष सापडतील, ते लिहू. भुसावळला मी आता महिन्यातून एकदा जातो. मावशींना एक अवस्वरू वाचून दाखवतो. पेन्सील खिशातच असते.