तारेची किंमत कानाला कळते का? १९८३ च्या एका चाचणीची उलटतपासणी

स्पीकरच्या केबलवरचा वाद नेहमी दोन वाक्यांत अडकतो. एक गट म्हणतो, "आम्हाला फरक ऐकू येतो." दुसरा म्हणतो, "तार ती तार, सगळ्या सारख्याच." हा दुसरा गट पुरावा म्हणून हमखास एका चाचणीचं नाव घेतो: 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात ऑगस्ट १९८३ मध्ये छापून आलेली लॉरेन्स ग्रीनहिल यांची चाचणी. गंमत अशी की तिचा निकाल दोघांनाही पुरता सोयीचा नाही. म्हणून आज तिच्याकडेच नीट बघू या.

ग्रीनहिल यांनी ३० फुटांच्या तीन तारा घेतल्या. पहिली जाडजूड, महाग 'मॉन्स्टर केबल'. दुसरी टेबललॅम्पला असते तसली साधी १६ गेजची वायर. तिसरी २४ गेजची बारीक तार, स्पीकरसोबत फुकट मिळते तशी. (गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक.) कुठली तार चालू आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि १६ गेज यांत फरक ओळखता आला नाही. २४ गेज मात्र वेगळी पडली.

म्हणजे "सगळ्या तारा सारख्याच" असं ही चाचणी म्हणतच नाही!

हे का झालं असावं? आपणच हिशेब करू. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असलं तरी त्याचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलतो. समजा, तो एका सुराला ४ ओहम आहे आणि दुसऱ्याला ३०. तार या स्पीकरशी एकसर जोडलेली असते, त्यामुळे तिचा रोध थोडा आवाज खातो, पण सगळ्या सुरांचा सारखा नाही. ३० फुटी २४ गेजमध्ये जाऊन-येऊन ६० फूट तांबं, म्हणजे रोध सुमारे दीड ओहम. ४ ओहमच्या सुराला आवाज साधारण २.८ डेसिबलने घटतो, ३० ओहमच्या सुराला फक्त ०.४ ने. सुरांचा आपसातला तोल २.४ डेसिबलने बिघडला, आणि एवढं कानाला कळतं. १६ गेजमध्ये रोध पाव ओहमच्या आसपास, आणि तोल बिघडतो ०.४ डेसिबलने. मॉन्स्टरसारख्या जाड तारेत त्याहूनही कमी.

ग्रीनहिल यांनीही कारण रोधच दिलं होतं. तारा ३० ऐवजी ६ फुटांच्या असत्या तर तिन्हींत बहुधा फरक सापडला नसता, असंही त्यांनी लिहिलं. हा लेखाचा सगळ्यात चांगला भाग, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

माझा आक्षेप शेवटच्या निष्कर्षावर आहे. मालकीच्या अभिमानापलीकडे या महाग तारांचा फारसा फायदा नाही, असं ते म्हणतात. "आम्हाला सापडला नाही" पासून "नाहीच" पर्यंतची ही उडी जरा लांब आहे. कशी ते बघा. अशा चाचणीत १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर पास, असा नियम ठेवू. नुसत्या अंदाजाने पास व्हायची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे नियम कडक आहे. पण एखाद्याला खरोखरच थोडं ऐकू येतंय आणि तो १०० पैकी ६० वेळा बरोबर सांगतो, असं धरा. तोही पास होण्याची शक्यता १७ टक्केच! सहातल्या पाच वेळा आपण त्याला "तुला काही ऐकू येत नाही" म्हणून घरी पाठवू. म्हणून अशा चाचणीला हिशेबाची जोड लागते. फरक किती मोठा असू शकतो हे हिशेब सांगतो, तो कानाला लागतो का हे चाचणी सांगते.

आता पहिल्या गटाकडे वळू. केबलच्या परीक्षणांत "रेशमी", "मोकळा", "काळोखी शांतता" अशी विशेषणं भरपूर असतात, पण तारेची लांबी आणि रोध शोधून सापडत नाही. परीक्षकाला किंमत आधीच ठाऊक असते. तार बदलायला काही मिनिटं जातात, तोवर आधीचा आवाज कानात नीट टिकत नाही. तो खोटं बोलतोय असं मुळीच नाही. त्याला फरक जाणवला हे खरंच, पण तो तारेमुळे जाणवला हे त्यावरून सिद्ध होत नाही.

राहिला खिशाचा प्रश्न, जो फेलोशिपवर जगणाऱ्यांना जास्त टोचतो. ढोबळ नियम असा: तारेचा एकूण रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ८ ओहमला ही मर्यादा ०.४ ओहम. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच एमएमची तांब्याची वायर ३ मीटर अंतराला वापरली तर रोध साधारण ०.०४ ओहम, म्हणजे मर्यादेच्या दहावा हिस्सा. त्यापुढचे पैसे देखणेपणासाठी किंवा मजबूत कनेक्टरसाठी द्यायचे तर खुशाल द्या. आवाजासाठी देत असाल तर विक्रेत्याला आधी एवढंच विचारा, "मीटरमागे रोध किती?" हा आकडा त्याच्याकडे नसेल, तर एवढी किंमत नक्की कशाची लावली हे त्यालाच सांगू द्या.