अस्थिबंधाची इजा आणि कूर्चेची प्रारंभिक हानी : एमआरआय निदानाची चिकित्सा

प्रस्तावना

गुडघ्यातील पुढचा क्रूसाकृती अस्थिबंध (एसीएल) तुटल्यानंतर रुग्णाचे आणि शल्यविशारदाचे लक्ष प्रामुख्याने त्या अस्थिबंधावरच केंद्रित होते. प्रत्यक्षात या इजेची सर्वांत मोठी किंमत हाडांच्या टोकांवरील कूर्चेला मोजावी लागते आणि ती पुष्कळदा दहा-बारा वर्षांनी उघड होते. स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. इजेनंतर १२ वर्षांनी क्ष-किरण तपासणी केलेल्या खेळाडूंपैकी ८२ टक्के खेळाडूंच्या गुडघ्यांत बदल आढळले. ५१ टक्के खेळाडू तर झिजेच्या संधिवाताच्या निकषांत बसत होत्या. त्यांचे सरासरी वय तेव्हा अवघे ३१ वर्षे होते.

क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधील अंतर घटले की तिच्या झिजेचा केवळ अंदाज येतो आणि तोवर बराच काळ लोटलेला असतो. ही उणीव एमआरआय तंत्र भरून काढते, असा दावा गेल्या काही दशकांत सातत्याने मांडला गेला आहे. या दाव्यात तथ्य किती आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचा उपयोग कितपत, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

तंत्राचे सामर्थ्य

कूर्चेच्या ओल्या वजनात सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असते. कोलॅजेन तंतूंची जाळी आणि त्या जाळीत अडकलेले प्रोटिओग्लायकन हे रेणू हे पाणी धरून ठेवतात. हानीच्या आरंभी प्रोटिओग्लायकन घटते आणि जाळी सैल होते; जाडी मात्र टिकून राहते. इतकेच नव्हे, तर ती वाढूही शकते. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या ६१ व्यक्तींचा एमआरआयने दोन वर्षे मागोवा घेण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मांडीच्या हाडाच्या आतील बाजूच्या मध्यभागी कूर्चा जाड, तर वाटीच्या मागील खाचेत पातळ झाल्याचे आढळले. केवळ जाडी मोजणे फसवे ठरते, ते यामुळेच.

रचनेतील बदल टिपणाऱ्या तीन पद्धती प्रचलित झाल्या. टी-२ मापन पाण्याचे प्रमाण व कोलॅजेनची मांडणी यांना, तर टी-१-ऱ्हो मापन मुख्यत्वे प्रोटिओग्लायकनच्या घटीला प्रतिसाद देते. तिसऱ्या पद्धतीत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले जाते. त्याचे कण ऋणभारित असतात आणि निरोगी कूर्चाही ऋणभारित असते. म्हणून जेथे कूर्चा क्षीण झाली, तेथे ते अधिक शिरतात. ही कल्पना निःसंशय प्रतिभावान आहे. दोन गटांची तुलना करताना या मापनांनी इजाग्रस्त व निरोगी गुडघ्यांतील भेद वारंवार दाखविला आहे.

दाव्याच्या मर्यादा

गटाच्या सरासरीतील भेद हा एका रुग्णाविषयीचा निर्णय नव्हे. टी-१-ऱ्हो मूल्यावर पाणी व कोलॅजेन यांचाही परिणाम होतो. चुंबकक्षेत्राशी तंतूंचा कोन सुमारे ५५ अंशांचा झाला, तर निरोगी कूर्चेचे टी-२ मूल्यही वाढलेले दिसते. टी-२ व टी-१-ऱ्हो मापनांविषयीच्या २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रकानुसार ३ टेस्ला यंत्रावर एकाच व्यक्तीच्या दोन मापनांतील स्वाभाविक चढउतार ४ ते ५ टक्के असतो. त्यामुळे सुमारे १४ टक्के किंवा त्याहून अधिक फरक पडल्याखेरीज खरा बदल झाल्याचे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. प्रारंभिक बदल स्वभावतःच सूक्ष्म असतात, हे ध्यानी घेता ही मर्यादा किरकोळ नव्हे. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करण्याचा मार्गही निर्दोष नाही. इजेनंतर त्या गुडघ्यावरील भारही बदललेला असतो.

गॅडोलिनियम पद्धतीपुढे सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. या पद्धतीत रूढ असलेल्या द्रव्याच्या शिरेतून होणाऱ्या वापराची परवानगी युरोपीय औषध नियामकाने २०१७ साली स्थगित केली. तरुण खेळाडूच्या वारंवार तपासणीसाठी ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याहून मूलगामी आक्षेप ‘प्रारंभिक’ या शब्दालाच आहे. अमेरिकेत ४० रुग्णांच्या ४२ गुडघ्यांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ एसीएलचीच इजा असलेले गुडघे निवडले होते. त्या सर्वांत पहिल्याच तपासणीत कूर्चेची हानी आढळली. म्हणजे आघाताच्या क्षणीच कूर्चा दुखावते. हानी सर्वांमध्येच असेल, तर ती ‘आहे’ एवढे सांगणारी चाचणी कोणालाही वेगळे काढत नाही. ती पुढे कोणात वाढेल, हाच खरा प्रश्न उरतो.

निदानाने उपचार बदलत नसेल, तर त्याचे व्यावहारिक मोल घटते. १२१ तरुणांवरील स्वीडिश चाचणीत (२०१०) तत्काळ शस्त्रक्रिया आणि आधी व्यायामोपचार, गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया, या दोन मार्गांत दोन वर्षांनी रुग्णांनी नोंदविलेल्या तक्रारींच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही. कूर्चेची झीज रोखणारे सिद्ध औषध आजही उपलब्ध नाही. मांडीचे स्नायू बळकट करणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि पुन्हा इजा होऊ न देणे हा सल्ला प्रतिमा कशीही असली तरी लागू पडतो.

समारोप

यावरून हे तंत्र निरुपयोगी ठरत नाही. त्याचे योग्य स्थान मात्र स्पष्ट होते. नव्या उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी दहा वर्षे थांबणे संशोधकाला परवडणारे नसते. तेथे गटाच्या पातळीवर ही मापने मोलाची आहेत. परंतु रंगीत नकाशातील एक लाल ठिपका दाखवून वीस वर्षांच्या खेळाडूला शस्त्रक्रियेचा सल्ला देणे किंवा त्याचे मैदान कायमचे बंद करणे उपलब्ध पुराव्यावर टिकत नाही. हानी लवकर दिसणे आणि तिचे भवितव्य कळणे यांतील अंतर दीर्घकालीन पाठपुराव्यानेच कमी होईल. तोवर प्रतिमेचा अर्थ रुग्णाची लक्षणे व प्रत्यक्ष तपासणी यांच्या जोडीनेच लावणे शास्त्रशुद्ध ठरेल.