निर्मनुष्य बेटाची कल्पना : ‘जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ’ आणि सिंधुदुर्गचा किनारा

मायकेल क्रायटन यांच्या १९९० मधील कादंबरीवर आधारलेला स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जुरासिक पार्क’ १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी तो हिंदी ध्वनिमुद्रणासह भारतात आला आणि हॉलीवूडचा चित्रपट इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकापर्यंत पोहोचविण्याची वाट त्याने मोकळी केली. त्या मालिकेतील सातवा चित्रपट ‘जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ’ जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स असून पटकथा पहिल्या चित्रपटाच्या लेखनात सहभागी असलेल्या डेव्हिड केप यांची आहे. मालिकेचा सातवा भाग पहिल्याच्या बरोबरीचा आहे काय, या प्रश्नाची चर्चा वृत्तपत्रीय समीक्षेत पुरेशी झालेली आहे. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारात घेतला आहे : उष्ण कटिबंधातील समुद्रकिनाऱ्याचे जे चित्र हा चित्रपट उभे करतो, ते अशाच एका किनाऱ्यावरून, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याच्या परिसरातून, कसे दिसते?

कथानक थोडक्यात असे. जगभर पसरलेले डायनासोर हवामान न मानवल्याने मरू लागले आहेत. उरलेले विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात तग धरून आहेत आणि तेथे जाण्यास मनुष्यमात्राला बंदी आहे. हृदयविकारावरील औषधासाठी एका औषध कंपनीला जलचर, भूचर आणि खेचर अशा तीन प्रचंड प्राण्यांचे जिवंत रक्त हवे आहे. स्कार्लेट जोहान्सनची झोरा बेनेट, माहेरशला अलीचा डंकन किनकेड आणि जोनाथन बेलीचे पुराजीवशास्त्रज्ञ डॉ. हेन्री लूमिस हे कंपनीच्या प्रतिनिधीसह बंदी मोडून तेथील एका बेटावर जातात. वाटेत मोसासोरने उलटविलेल्या शिडाच्या होडीतील एक कुटुंबही त्यांच्या गळ्यात पडते.

तंत्रदृष्ट्या चित्रपट नेटका आहे. अंकीय चित्रीकरणाच्या काळात तो फिल्मवर चित्रित केला गेला. थायलंडच्या किनाऱ्यावरील हिरवाई आणि दमट प्रकाश त्यामुळे खरा वाटतो. नदीतील तराफ्याचा प्रसंग क्रायटन यांच्या मूळ कादंबरीतील असून १९९३ च्या चित्रपटात तो वगळला गेला होता. बत्तीस वर्षांनी पडद्यावर आलेला हा प्रसंग संपूर्ण चित्रपटात सर्वांत सरस ठरतो, कारण त्यात झोपलेला प्राणी आणि पाण्याचा आवाज यांखेरीज दुसरे काहीही लागत नाही. याउलट शेवटी अवतरणारा सहा अवयवांचा संकरित राक्षस निराशा करतो. केवळ अक्राळविक्राळ असणे म्हणजे भीतिदायक असणे नव्हे. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात, आड दशावतारात, येणारा संकासुर वेद चोरणारा असुर खराच. पण तो मालवणीत बोलतो, हुज्जत घालतो, प्रेक्षकाला हसवितो आणि मग मारला जातो. त्याला स्वभाव आहे. प्रयोगशाळेत जन्मलेल्या या प्राण्याची कथा मुळात करुण आहे, तरीही तो केवळ अंगावर धावून येणारे धूड म्हणून उरतो. (तो ज्या अपघातातून मोकळा होतो त्यास चॉकलेटचे एक वेष्टन कारणीभूत ठरते, प्लास्टिकचा कागद काय करू शकतो, हे किनाऱ्यावरील माणसास वेगळे सांगावयास नको.)

तीन लक्ष्यांपैकी दोन, मोसासोर आणि क्वेट्झालकोअ‍ॅट्लस, शास्त्रीयदृष्ट्या डायनासोर नव्हेतच. पहिला सागरी सरीसृप, दुसरा टेरोसोर. उरलेला टायटॅनोसॉरस हा खरा डायनासोर, आणि त्याचे नाव भारतातले आहे. जबलपूर येथे १८२८ मध्ये स्लीमन यांना काही हाडे मिळाली होती. त्याच परिसरातील अवशेषांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे त्या मोजक्या अवशेषांवरून स्वतंत्र प्रजाती ठरविता येत नाही, असे २००३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले आणि ते नाव संशयास्पद मानले जाऊ लागले. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे आहेत. चित्रपटात उंच गवतातून दोन टायटॅनोसॉरस माना एकमेकींत गुंफतात, जॉन विल्यम्स यांची जुनी धून वाजते आणि लूमिसचे डोळे भरून येतात. प्रसंग सुंदर आहे. मात्र ज्या भूमीने या प्राण्याला नाव दिले तिला कथानकात कोठेही जागा नाही.

ही बाब केवळ नावापुरती असती तर सोडून देता आली असती. खरी अडचण विषुववृत्तीय पट्ट्याच्या कल्पनेत आहे. हा पट्टा बंद झाला, असे सांगून चित्रपट पुढे सरकतो. वास्तविक पृथ्वीवरील त्या भागात इंडोनेशिया, काँगो, केनिया, इक्वेडोर असे देश आहेत. तेथील कोट्यवधी माणसे कोठे गेली, त्यांच्या शेतीचे, मासेमारीचे काय झाले, याविषयी एक वाक्यही येत नाही. सुरीनाममध्ये कथानक थांबते, पण तेथील माणसे पार्श्वभूमीतच राहतात. किनारा सुंदर दिसावा यासाठी तो आधी निर्मनुष्य करण्यात आला आहे. संरक्षित क्षेत्राच्या नकाशाकडेही असेच पाहिले जाते, याचा अनुभव मालवणला आहे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हापासून त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचे स्थान काय, हा प्रश्न मिटलेला नाही. रापणीचा पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांची यांत्रिक नौका यांच्यातील संघर्षही याच पाण्यावरचा. त्यातूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. समुद्र येथे रिकामा कधीच नव्हता.

प्रचंड प्राणी आणि माणूस यांच्या सहवासाबद्दलही असेच म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये एक मरणासन्न डायनासोर रस्ता अडवून बसतो आणि लोक केवळ वाहतूक खोळंबली म्हणून वैतागतात, हा चित्रपटातील मार्मिक तपशील आहे. नवलाईला ओहोटी लागते, असे पटकथाकार सुचवितो. सिंधुदुर्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. नारळ, केळी, सुपारीच्या बागा त्यांनी तुडविल्या. तेथे नवलाई ओसरली ती कंटाळ्याने नव्हे. बाग गेली, भरपाई किती, रात्री राखण कोणी करायची, असे प्रश्न उरले म्हणून. ज्याच्या परड्यात हत्ती येतो त्याला आश्चर्य आणि हिशेब दोन्ही एकाच वेळी करावे लागतात, आणि ही मिश्र भावना या मालिकेच्या सातही चित्रपटांत सापडत नाही. तेथे माणूस एक तर स्तिमित असतो, नाही तर पळत असतो.

कोकणच्या सड्यावर या बाबतीत एक जुना पुरावा आहे. जांभा हा मूळ खडक झिजून तयार झालेला असल्यामुळे त्यात डायनासोरच्या हाडांची अपेक्षा करता येत नाही. परंतु त्याच जांभ्यावर अनामिक माणसांनी प्राणी कोरून ठेवले आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा भव्य हत्ती प्रसिद्ध आहे. अन्यत्र आज कोकणात न आढळणारा गेंडाही दिसतो. मालवण तालुक्यातील कुडोपीसह ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समाविष्ट झाली. तेथे प्राणी कोरणारा माणूस त्या प्राण्याचा शेजारी होता, पर्यटक नव्हता.

औषधाच्या प्रश्नाकडे वळताना चित्रपट सर्वाधिक गंभीर होतो आणि सर्वाधिक सोपे उत्तरही देतो. कंपनीचा प्रतिनिधी प्राण्याच्या तोंडी जातो आणि झोरा ते नमुने कोणा एकाच्या मालकीचे न करता जगाला देण्याचे ठरविते. एका व्यक्तीच्या मनःपरिवर्तनाने बौद्धिक संपदेचा प्रश्न सुटतो, ही कल्पना मराठी वाचकाला भाबडी वाटेल. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्यादाखल सादर केले म्हणून. कोणाचे मन द्रवले म्हणून नव्हे. त्यानंतर भारताने जैविक विविधता अधिनियम, २००२ केला आणि स्थानिक संस्थांमार्फत जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातील लाभवाटपाच्या आणि शिक्षेच्या तरतुदी सैल केल्या, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. झोराने नमुने जगाला दिले, तरी ते जेथून घेतले त्या बेटाच्या आसपासच्या किनाऱ्यांवर कोण राहत होते, हे तिला ठाऊक नाही. पटकथेने ते लिहिलेलेच नाही, त्यामुळे लाभात वाटा मागण्यासाठी पडद्यावर कोणी उरतही नाही.