खुले साहित्य आणि त्यातील मौन

२००१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. इतर विद्यापीठांनी ते घ्यावे, भाषांतरित करावे, बदलावेही. मात्र मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, त्यावर धंदा करू नये आणि बदललेले साहित्यही त्याच अटींवर खुले ठेवावे, असा त्याचा परवाना आहे. ज्यांच्या पिढ्यांना अक्षरच वर्ज्य होते, त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. कॉलेजात वरच्या आळीतल्या मुलांच्या नोट्स माझ्यापर्यंत कधी आल्या नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

तरीही एक धोका मला दिसतो. एका विद्यापीठाचे साहित्य दुसऱ्याने जसेच्या तसे उचलले, की त्यातील मौनही उचलले जाते. बलुतेदारी म्हणजे परस्परसहकार्य, असे सांगणाऱ्या टिपणात १९५८च्या कायद्याने रद्द झालेल्या महार वतनातील राबणूक नसेल, तर ते दहा विद्यापीठांत गेल्याने असत्यच दहा ठिकाणी शिकवले जाईल. म्हणून घेण्याच्या मुभेपेक्षा बदलण्याची मुभा मला मोलाची वाटते. ती आपल्या प्राध्यापकांनी मराठीतून वापरावी. गाळलेली पाने आपणच लिहावीत, आणि तीही सर्वांसाठी खुली ठेवावीत.