आटे लागल्याचा आवाज

ओम्नीला बॉनेट म्हणावं असं काही नाही. पुढचं सीट उचललं, झाकण काढलं, की खाली इंजिन. त्यामुळं लांबच्या प्रवासात बुडाला ऊब लागते आणि दुरुस्तीच्या वेळी माणसाला गाडीत ओणवं व्हावं लागतं. १९८४ला ही गाडी आली तेव्हा नुसती ‘मारुती व्हॅन’ होती. ओम्नी हे बारसं नंतरचं. २०१९ला ती निघायची बंद झाली, तरी गडमुडशिंगीच्या रस्त्यावर शाळेची पोरं, लग्नाची भांडी असं काहीबाही भरून अजून धावते. आमची वीस वर्षांपलीकडची आहे. तिचा अल्टरनेटर गेला, तेव्हा शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवावं लागेल म्हणून सांगितलं. पुतण्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फिटर आहे. तो नुसता हसला. “ऱ्हाऊ द्या काका, ऐतवारी बघू.”

त्या रविवारी मी टॉर्च धरून उभा होतो. माझं काम तेवढंच. पण गाणं ऐकायला बसलेल्या माणसाचंही काम तेवढंच असतं.

सुरुवात त्यानं पान्यानं केली नाही, दिव्यानं केली. गाडी चालू असताना डॅशबोर्डावरचा बॅटरीचा लाल दिवा विझलेला पाहिजे. आमचा मिणमिणत होता. या दिव्याची रचना मला फार आवडते. त्याच्या एका टोकाला बॅटरीचा दाब, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. दोन्हीकडून सारखाच जोर आला की रस्सीखेचीतली दोरी जागच्या जागी थांबावी तसा करंट थांबतो आणि दिवा विझतो. म्हणजे अंधार ही इथं खुशालीची खूण. मिणमिणणं म्हणजे एक बाजू हरते आहे, पण अजून पुरती पडलेली नाही. पुतण्यानं मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. काटा नाही, आकडेच होते, ते १२.१ दाखवत होते. “डायनमोच गेलाय,” तो म्हणाला.

आमच्याकडं अल्टरनेटरला अजून डायनमोच म्हणतात. चुकीचं आहे, पण ते नाव जुन्या ॲम्बॅसेडर-पद्मिनीच्या काळातून चालत आलंय. त्या खऱ्या डायनमोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार व्हायची आणि सगळीच्या सगळी कार्बनच्या ब्रशांमधून घासत बाहेर यायची. अल्टरनेटरनं हा संसारच उलटा केला. इथं फिरतं ते चुंबक, आणि वीज तयार होते बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत. कार्बनवर फक्त चुंबक जागं ठेवण्यापुरता थोडासा करंट. मोठं ओझं बसल्या माणसानं उचलायचं, पळणाऱ्यानं हात रिकामे ठेवायचे. निघते ती उलटसुलट वाहणारी वीज. तिला एका दिशेला लावायला डायोड लागतात, आणि तसे स्वस्त, टिकाऊ डायोड मिळू लागल्यावरच, १९६०च्या सुमारास, मोटारींत हे यंत्र रुळलं.

आता हात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी सुटली. अल्टरनेटरच्या पाठीमागच्या जाड वायरीत करंट कायम असतो, पाना तिथून चॅसिसला टेकला की ठिणगीच. मग पट्ट्याचा नट सैल, बेल्ट खाली, आणि शेवटी खालचा लांब बोल्ट, ज्यावर सगळं धूड झुलतं. तो गंजलेला होता. जोर लावण्याआधी त्यानं गंजतेल सोडलं, चहा मागितला आणि चहा पूर्ण प्याला. मी घड्याळ बघत होतो, तो बोल्टाकडंही बघत नव्हता. नंतर बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे दोन हलके ठोके, पाना थोडा घट्ट करायच्या दिशेला, मग सैल. आधी उलट्या बाजूला वाकवायचं, मग सोडवायचं. कुस्तीतही जोडीदाराला असाच हलवतात.

गाडीखाली पोतं अंथरलं होतं. का, ते वायसर पडल्यावर कळलं. फरशीवर पडलेला वायसर उडून जातो, पोत्यावरचा तिथंच झोपतो.

नवा अल्टरनेटर बसेना. मला त्या सकाळची सगळ्यात सुंदर जागा हीच वाटली. त्याच्या कानात एक लोखंडी बुश असतो. बोल्ट आवळला की तो थोडा सरकून ब्रॅकेटला चिमटा घेतो. नव्या मालात तो आधीच पूर्ण आत येऊन बसलेला, म्हणून कान ब्रॅकेटमध्ये शिरत नव्हता. दुसरा कुणी ठोकून बसवता, आणि ॲल्युमिनियमचा कान तडकवून ठेवता. यानं यंत्र परत बाहेर काढलं, पायरीवर मांडीत घेतलं. बुशातून एक बोल्ट ओवला, बाहेरच्या बाजूला बुशाहून मोठ्या तोंडाची गोटी, म्हणजे सॉकेट, ठेवली, नट आवळत गेला. बुश मुकाट्यानं मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागं सरकला. आवाज नाही, घाव नाही. हा त्याचा स्वतःचा शोध नव्हे, फिटरलोक हे करतातच. पण जे हाताशी आहे त्याचाच ओढा करायचा, हे त्याला पायरीवर बसल्या बसल्या सुचलं.

पुढचं सगळं न बघता. हात आत गेला की डोळ्यांना वाट उरत नाही. त्यानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. नट बोटाच्या टोकाला ग्रीसनं चिकटवलेला. आणि तो नट सुलटा न लावता आधी उलटा फिरवू लागला. मी विचारलं तर म्हणाला, “गप ऱ्हावा जरा, ऐकू द्या.” उलट्या फिरवण्यात आट्याचं टोक आट्यावरून खाली पडतं, तेव्हा बारीक ‘टक्’ असा आवाज होतो. तो आला की सुलटं फिरवायचं. मग आटे तिरके चढत नाहीत. नेमकं तेव्हाच उजळाईवाडीहून विमान उठलं. १९३९पासूनचा तो विमानतळ आमच्या शिवाराला लागूनच. पुतण्या तसाच थांबला, हात कोपरापर्यंत इंजिनात, बोटाला नट, तोंड भिंतीकडं. विमान गेलं, त्यामागं पशुखाद्य कारखान्याकडं निघालेला ट्रकही गेला. मग त्यानं बोट हलवलं. टक्. मलाही ऐकू आला.

बेल्टचं काम पटकन झालं. अंगठ्यानं दाबून सेंटिमीटरभर झोल ठेवला. हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, फार ताणला तर दोन्हीकडची बेरिंगं रडतात. गाडी चालू केली, दिवा विझला. मीटर १४.२. हेडलाइट लावल्यावर १३.९, तिथंच टिकला.

जुना अल्टरनेटर त्यानं तेव्हाच उघडला. एक कार्बन झिजून नखाएवढा राहिलेला. तांब्याच्या रिंगवर त्यानं नख फिरवलं, खाचेत अडकलं, पुन्हा फिरवलं.

“टाकू नका ह्यो. उद्यमनगरात लेथवर रिंगला बारीक कट मारून घेतो.”

“परत कुठं लावणार रे तो?”

“कुठं बी.” पोत्यात गुंडाळून त्यानं तो मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला, निरम्यानं हात धुतले आणि दुपारपाळीला गेला.