भ्रमराची साक्ष

मराठी काव्यसृष्टीत भ्रमराइतका बदनाम झालेला जीव दुसरा क्वचितच सापडेल. कावळ्याला निदान पितृपक्षात मान मिळतो. भ्रमराच्या वाट्याला तेवढेही भाग्य नाही. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाणारा चंचल प्रियकर, मध चाखून पाठ फिरवणारा कृतघ्न रसिक, हीच त्याची आमच्या नाट्यपदांतून, भावगीतांतून आणि पुढे चित्रपटगीतांतून ठरून गेलेली ओळख. 'भ्रमरवृत्ती' हा शब्द तर आपण शिवीसारखा वापरतो. या आरोपपत्राचे मूळ संस्कृत साहित्यात आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात शकुंतलेच्या मुखाभोवती घोंघावणारा भ्रमर आणि पाचव्या अंकात हंसपदिकेच्या गीतातला, आम्रमंजरीला विसरलेला मधुकर, या दोघांनी पुढील हजार-दीड हजार वर्षांच्या कवींना एक तयार साचा दिला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा तो साचा संगीतासह आमच्या घराघरांत पोहोचला. कालिदासाच्या हाती ती प्रतिमा जिवंत होती, कारण तिच्यामागे एका राजाच्या विस्मृतीचे नाट्य उभे होते. नंतरच्यांनी नाट्य सोडले आणि भ्रमर तेवढा उचलला. तो उचलताना एकदा तरी डोळे उघडून त्याच्याकडे पाहावे, असे फार थोड्यांना वाटले. या लेखात आमची तक्रार आहे ती एवढीच.

ही तक्रार चेन्नईत बसून करण्याला विशेष अर्थ आहे. ज्या भाषेच्या अंगणात आम्ही राहतो, त्या तमिळ भाषेत भ्रमराला अगदी वेगळ्या नात्याने हाक मारणारी एक कविता सुमारे दोन हजार वर्षे जिवंत आहे. संघकालीन 'कुरुंदोगै' या सुमारे चारशे लघुकवितांच्या संग्रहातील ती दुसरी कविता. कर्त्याचे नाव इरैयनार, म्हणजे 'स्वामी', आणि परंपरेच्या श्रद्धेप्रमाणे साक्षात शिव. उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांनी 1937 साली या संग्रहाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. जुन्या ताडपत्रांसाठी गावोगाव हिंडलेल्या या थोर पंडिताच्या नावाचे ग्रंथालय आजही या शहरात, बेझंटनगरात आहे. कवितेचा प्रसंग साधा आहे. नायिकेच्या देखत नायक भ्रमराला प्रश्न करतो. परागाच्या शोधात ज्याचे सारे आयुष्य जाते, त्या भ्रमराला तो विनवतो की, माझे मन राखण्यासाठी काही बोलू नकोस, तू जे पाहिले असशील तेवढेच सांग. हिच्या केसांहून अधिक सुगंधी असे एखादे फूल तुझ्या माहितीत आहे काय?

मराठी वाचकाला यात प्रथम चकित करते ती नात्याची तऱ्हा. आमच्या पदांत भ्रमर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. येथे त्याला साक्षीदाराचा मान आहे. तोही साधा साक्षीदार नव्हे, तर जाणकार. फुलांविषयी निकाल द्यायचा तर हजारो फुले पाहिलेल्यानेच द्यावा, ही त्यामागची भूमिका. पुष्कळ फुलांवर जाणे हा आमच्या कवींनी गुन्हा मानला. तमिळ कवीने त्यालाच अधिकार मानले. त्यातच नायकाचा मार्मिकपणाही आहे. प्रेयसीची स्तुती तर त्याला करायचीच आहे, पण ती खुशामत ठरू नये म्हणून तो तटस्थ साक्षीदाराला बोलावतो. मन राखू नकोस, पाहिलेस ते सांग, ही मागणी भ्रमराइतकीच टीकाकारालाही लागू पडते. समीक्षेची याहून आटोपशीर व्याख्या आमच्या तरी वाचनात नाही.

याच कवितेभोवती पुढे एक आख्यायिका जमली. मदुरेच्या पांड्य राजाला शंका आली की स्त्रीच्या केसांना उपजत सुगंध असतो काय. शंका फेडणाऱ्याला सुवर्णाची थैली जाहीर झाली. धरुमी नावाच्या दरिद्री कवीला शिवाने ही कविता दिली. आणि सभेतला ज्येष्ठ कवी नक्कीरर याने तीत दोष काढला. केसांना उपजत गंध नसतोच, तो फुलांचा आणि तेलाचा, असे त्याचे म्हणणे. शिव स्वतः प्रकटले, तिसरा नेत्र उघडला, तरी दोष तो दोषच, असे म्हणत नक्कीरर हटला नाही. परंज्योती मुनींच्या 'तिरुविळैयाडल पुराणा'त ही कथा आहे आणि ए. पी. नागराजन यांच्या 1965 सालच्या 'तिरुविळैयाडल' चित्रपटाने ती तमिळ मुलखात सर्वतोमुखी केली. त्यात नागेश धरुमी झाले, खुद्द नागराजन नक्कीरर झाले आणि शिवाच्या भूमिकेत होते शिवाजी गणेशन, ज्यांना 'शिवाजी' हे नाव आपल्या छत्रपतींची भूमिका रंगमंचावर केल्यामुळे मिळाले.

नक्कीरराचा बाणेदारपणा आम्हांला वंद्य आहे. देवाच्याही कवितेत दोष दाखवता येतो, असे सांगणारी कथा ज्या समाजाने पुराणात जपली, त्या समाजाची वाङ्मयीन प्रकृती निकोप म्हटली पाहिजे. तरीही या भर सभेत एक उणीव राहून गेली. राजा बोलला, कवी बोलला, पंडित बोलला, देव बोलला. ज्याला कवितेने साक्षीला बोलावले होते, त्या भ्रमराला मात्र कोणीही विचारले नाही. वाद केसांवर झाला आणि साक्षीदार दाराबाहेरच राहिला. भ्रमराच्या बाबतीत आमच्या साऱ्या साहित्यव्यवहाराचे हे नेमके चित्र आहे.

त्याची साक्ष काढायची तर आधी त्याचे नाव-गाव नीट विचारले पाहिजे, आणि तेथेच घोटाळ्याला सुरुवात होते. मराठीत 'भुंगा' हा शब्द मधमाशीच्या मोठ्या काळ्या भावंडालाही चालतो आणि टणक पाठीच्या भुंगेऱ्यालाही. तमिळ 'वंडु'ची तीच गत; आणि ज्या 'तुंबी'ला संघकवीने हाक मारली, ते नाव आजच्या बोलीत चतुराला लावतात. भरीस भर म्हणून इंग्रजी पुस्तकांचे भाषांतरकार 'बंबलबी'ला सरसकट 'भुंगा' म्हणतात. खरा बंबलबी हा थंड हवेचा, अंगावर दाट लव असलेला जीव. भारतात त्याच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, पण त्या मुख्यतः हिमालयाच्या आसऱ्याने राहतात. चेन्नईच्या किंवा पुण्याच्या बागेत जो निळसर झाक असलेल्या पंखांचा, धिप्पाड, काळाभोर भुंगा दिसतो, तो सुतारभुंगा. वाळलेले लाकूड पोखरून त्यात घर करतो, म्हणून सुतार. दोघे एकाच मोठ्या कुळातले आणि कामही पुष्कळसे सारखे. पण एकाचे वर्णन दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

या सुताराची साक्ष आमच्या काव्यसंकेतांच्या अगदी विरुद्ध जाते. पहिली गोष्ट, फुलांतून पराग गोळा करून नेणारा हा 'प्रियकर' बहुधा मादी असते. पिलांसाठी परागाची आणि मकरंदाची शिदोरी बांधणे हे तिचेच काम. लाकडाचा बोगदा कोरणारी, त्यात एकेका अंड्यापाशी एकेक गोळा ठेवून भुशाची भिंत घालणारीही तीच. नर मकरंद पितो, आणि एरवी आपल्या हद्दीत हवेत तरंगत राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जातो. त्याला नांगी नसते. शकुंतलेला त्रास देणारा भ्रमर या जातीचा नर असेल, तर दुष्यंताचा पराक्रम फारसा मोठा नव्हता, असेच म्हणावे लागेल! दुसरी गोष्ट चंचलतेची. मधमाशीच्या कुळातील हे जीव एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जातात. हा एकनिष्ठपणा ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवला आहे, आणि तो नसता तर या फुलाचा पराग त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाला मिळून फळ धरलेच नसते. ज्याला आम्ही व्यभिचार म्हणतो, त्यावाचून आमच्या ताटातली वांग्याची भाजी पिकणे अवघड.

तिसरी गोष्ट गुंजारवाची, आणि ती कवींच्या कानाशी संबंधित असल्याने अधिक महत्त्वाची. वांगे, टोमॅटो, बहावा अशा झाडांच्या फुलांत पराग उघड्यावर नसतो. मीठदाणीला असावे तसे परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते. मधमाशीला तो काढण्याची युक्ती साधत नाही. सुतारभुंगा आणि बंबलबी मात्र फुलाला घट्ट धरतात, पंख मिटून ठेवतात आणि उडण्याचे स्नायू सेकंदाला काही शे वेळा थरथरवतात. त्या कंपाने पराग झडून अंगावर येतो. उडताना खर्जात असलेला आवाज त्या क्षणी एकदम वरच्या पट्टीत चढतो. कवींनी ज्याला प्रेमगीत मानले, ते हत्यार चालल्याचा आवाज आहे. बहाव्याला तमिळमध्ये कोन्रै म्हणतात. ते शिवाचे आवडते फूल. चेन्नईच्या उन्हाळ्यात कोन्रै पिवळीधमक फुलते, तेव्हा तिच्या घोसांवर सुतारभुंगे हेच काम करीत असतात. ज्या 'स्वामी'च्या नावावर ती कविता आहे, त्याच्या माळेतले फूलही याच साक्षीदाराच्या श्रमावर पुढच्या पिढीचे बीज धरते, याहून सुंदर योगायोग कोणत्या कवीला सुचला असता?

आमच्या परंपरेत हे पाहणारा कोणी झालाच नाही, असे मात्र नाही. ज्ञानदेवांनी 1290 साली सिद्ध केलेल्या भावार्थदीपिकेच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुनाचा व्यामोह सांगताना, भ्रमर येतो. कोरडे लाकूड सहज भेदणारा हा जीव कोवळ्या कळीत सापडला तर प्राण देईल, पण पाकळी चिरणार नाही, असा तो दृष्टांत आहे. यातला भ्रमर निःसंशय आमचा सुतारभुंगा. पोखरलेले वासे ज्ञानदेवांनी पाहिले होते, हे त्या ओवीतच दिसते. दृष्टांताचा उत्तरार्ध निसर्गाला धरून नाही, हेही सांगितले पाहिजे. नळीसारख्या फुलाच्या तळाशी मकरंद असला, की हाच भुंगा ते बाहेरून चिरून मकरंद लांबवतो. पाकळीविषयी त्याला कसलेही मार्दव नाही. पण म्हणून दृष्टांत पडत नाही. लाकूड भेदण्याचे बळ हे इतके कणखर सत्य आहे की, त्याच्या आधारावर कवीने उभारलेली कल्पनाही अढळ राहते. स्नेहाचे कोवळेपण बलवंताला कसे बांधते, ते आपल्याला पटते; कारण बलवंताचे बळ आधी खरे करून दाखवलेले असते. भ्रमराला उद्देशून लिहिलेल्या आपल्या अभंगातही ज्ञानदेव त्याला झिडकारीत नाहीत; अवगुण टाकून चरणकमळाशी निश्चळ हो, असा उपदेश आपुलकीने करतात.

एकनाथांची वाटही हीच. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंत मधुकर आहे, आणि नाथांनी आपली टीका 1573 साली वाराणसीत, म्हणजे मराठी मुलखाबाहेर, पूर्ण केली हे आमच्यासारख्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. तेथे भ्रमराचे अनेक फुलांवर जाणे हाच त्याचा सद्गुण आहे. एकाच घरावर भार न घालता दारोदार थोडे थोडे घ्यावे, फुलाला न दुखवता सार तेवढे उचलावे. यातूनच मराठीत 'माधुकरी' हा शब्द रूढ झाला. ज्या समाजातील गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या माधुकरीवर शिकल्या, त्याच समाजाने मधुकराला लंपट ठरवावे, हा कृतघ्नपणा भ्रमराचा की आमचा?

पश्चिमेकडे बंबलबीच्या वाट्याला कौतुक आले. पण तेथेही लोककल्पना आणि निरीक्षण यांची ओढाताण आहेच. डार्विनने 1859 च्या ग्रंथात लाल क्लोव्हर गवत, ते फळवणारे बंबलबी, त्यांची घरटी उद्ध्वस्त करणारे उंदीर आणि उंदीर मारणारी मांजरे अशी साखळी दाखवली. आणि न्यूझीलंडमध्ये क्लोव्हरचे बी धरेना, तेव्हा 1885 साली इंग्लंडहून बंबलबी नेऊन सोडावे लागले. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 1900 सालच्या संगीतिकेत राजपुत्र बंबलबी होऊन उडतो. त्या उड्डाणाचे संगीत आज मूळ कथा सोडून केवळ बोटांच्या चपळाईचे प्रदर्शन होऊन बसले आहे. शास्त्राप्रमाणे बंबलबीला उडताच येऊ नये, पण ते त्याला ठाऊक नाही म्हणून तो उडतो, हे सुभाषित तर सभांतून आजही ऐकू येते. 1934 सालच्या एका फ्रेंच ग्रंथातील अपुऱ्या गणिताशी त्याचे मूळ जोडले जाते. बंबलबीचे पंख विमानासारखे स्थिर नसतात; ते मागेपुढे फिरताना हवेत भोवरे निर्माण करतात आणि त्यांवर तो तोलला जातो. शास्त्राला हे आता नीट उलगडले आहे. सुभाषिताला त्याची खबर नाही. आमचा लंपट भ्रमर आणि त्यांचा अडाणी बंबलबी ही एकाच आळसाची दोन अपत्ये आहेत.

काव्य म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो आम्हांला मान्यच आहे. म्हणूनच ज्ञानदेवांच्या कळीवर आम्ही दोष ठेवला नाही. कवीने पाहून मग कल्पना करावी, एवढेच आमचे मागणे आहे. ज्याने पाहिले आहे, त्याची कल्पना निसर्गाच्या पुढे जाते. ज्याने पाहिलेच नाही, त्याची दुसऱ्याच्या ओळीच्या मागे जाते. भ्रमरावरची आमची शेकडो पदे एकमेकांसारखी वाटतात, याचे कारण त्यांच्या कर्त्यांत प्रतिभा नव्हती हे नसून, साक्षीदाराला बोलावण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत हे आहे.

यात केवळ वाङ्मयाचाच प्रश्न आहे, असेही नाही. सुतारभुंग्याला घरासाठी वाळलेले लाकूड लागते. शहरांतील नीटनेटकेपणाला वाळलेली फांदी खपत नाही. ती दिसली की तोडली जाते आणि तिच्याबरोबर एखादे घरही जाते. ज्या समाजाला भ्रमर केवळ गाण्यातून माहीत आहे, त्याला ही हानी जाणवणार कशी? अड्यारच्या जुन्या झाडीत आणि गिंडीच्या वनात अजून वाळकी लाकडे आहेत, कोन्रै आहे आणि तिच्यावर वरच्या पट्टीतला तो आवाजही आहे. आमच्यातल्या नव्या कवीने भ्रमरावर लिहावयास बसण्यापूर्वी चैत्रातल्या एखाद्या सकाळी त्या झाडाखाली उभे राहावे. तमिळ नायकाने विचारला तोच प्रश्न त्याने विचारावा, आणि उत्तर मात्र नीट ऐकून घ्यावे.