तो आलेख पॅनेलचा होता, आमच्या गच्चीचा नव्हता

जानेवारी २०२३. मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीची सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये भरली होती. चार मजले, सोळा फ्लॅट, एक लिफ्ट, दोन पंप. विषय: सामायिक मीटरचं वाढलेलं बिल. गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर बसवायचं कोटेशन आलं होतं, ३ लाख रुपयांचं. चेअरमन काका माझ्याकडे वळले. "तू ऊर्जेवरच पीएचडी करतोयस ना? मग सांग, आत्ता घ्यायचं की थांबायचं?"

मी मोबाइलवर एक आलेख दाखवला आणि म्हणालो, "थांबा काका. किंमत पडतेय."

सगळे थांबले. दोन वर्षं. तो आलेख चुकीचा नव्हता, मी तो चुकीचा वाचला होता. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असा एखादा देखणा आलेख कधी ना कधी येतोच, म्हणून माझ्या चुका इथे क्रमाने मांडतो.

आलेख काय म्हणतो

१९७६ मध्ये सौर पॅनेलची किंमत वॅटला सुमारे १०६ डॉलर होती. २०१९ मध्ये ती ०.३८ डॉलरवर आली. दोन्ही आकडे २०१९ च्या डॉलरमध्ये, म्हणजे महागाईचा फरक काढून टाकलेला. जगभरातली एकूण बसवलेली क्षमता दर वेळी दुप्पट झाली की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, आणि लॉग-लॉग कागदावर हे सगळे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसतात. याला 'शिकण्याची वक्ररेषा' म्हणतात. मूळ कल्पना थिओडोर राइट यांच्या १९३६ च्या, विमानांच्या उत्पादनखर्चावरच्या लेखातली.

इथपर्यंत सगळं ठीक. गडबड पुढे आहे.

चूक पहिली: आडव्या अक्षावर काळ नाही

मी "थांबा" म्हणालो तेव्हा मनात धरून चाललो होतो की वर्षं सरली की किंमत उतरते. पण त्या आलेखाच्या आडव्या अक्षावर वर्षं नाहीतच. तिथे आहे आजवर बसवलेली एकूण क्षमता. किंमत कॅलेंडरमुळे पडत नाही, कुणीतरी बसवतं म्हणून पडते. सगळ्यांनीच माझा सल्ला ऐकला असता तर रेषा जिथल्या तिथे थांबली असती.

शिवाय दुप्पट होण्याची पायरी दर वेळी मोठी होत जाते. १ चे २ करणं वेगळं आणि १००० चे २००० करणं वेगळं. लॉग अक्षावर दोन्ही पावलं सारखीच दिसतात. म्हणून आलेख हातात आला की आधी अक्षांची नावं वाचा, मग रेषा बघा. ऐकायला शाळेतलं वाटेल, पण मी चौथ्या वर्षाला असताना हे विसरलो होतो.

चूक दुसरी: उभ्या अक्षावर गच्ची नाही

जानेवारी २०२५ मध्ये नवीन कोटेशन आलं, त्याच ५ किलोवॅटचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

२०२३: पॅनेल १,५०,०००, बाकी सगळं १,५०,०००, एकूण ३,००,०००.
२०२५: पॅनेल १,२५,०००, बाकी सगळं १,६०,०००, एकूण २,८५,०००.

पॅनेलची ओळ जवळपास १७ टक्क्यांनी उतरली, तळाचा आकडा फक्त ५ टक्क्यांनी. 'बाकी सगळं' म्हणजे इन्व्हर्टर, लोखंडी स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, वीज अरेस्टर, मजुरी, कागदपत्रं आणि कंत्राटदाराचा नफा. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडते, त्यामुळे स्ट्रक्चर उंच लागतं. बदलापूरचा पाऊस आणि वारा बघता ते हलकं करूनही चालत नाही. लोखंडाला शिकण्याची वक्ररेषा माहीत नसते.

आणखी एक गोष्ट. याच दोन वर्षांत जागतिक बाजारात चिनी पॅनेलची घाऊक किंमत निम्म्याहूनही खाली आली होती. मग आमची ओळ १७ टक्क्यांवरच का अडली? कारण एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागू होतं, आणि सरकारी अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी सेलचंच लागतं. हे धोरण योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मुद्दा एवढाच, की जागतिक आलेखातली किंमत मांजर्लीच्या गच्चीपर्यंत पोचेपर्यंत वाटेत बरीच नाकी लागतात.

चूक तिसरी: रेषेलाच कारण समजणं

'शिकण्याची वक्ररेषा' हे नावच फसवं आहे. त्यात कारण आधीच गृहीत धरलंय. ग्रेगरी नेमेट यांनी २००६ मध्ये 'एनर्जी पॉलिसी' या नियतकालिकात हे नाव तपासून पाहिलं. खर्च उतरवणारे सर्वांत मोठे घटक त्यांना सापडले ते कारखान्याचा आकार, पॅनेलची कार्यक्षमता आणि सिलिकॉनची किंमत. 'अनुभवातून शिकणं' या घटकांमधला बदल फारच थोडा समजावून देतं, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे २०१८ मध्ये कावलाक, मॅकनर्नी आणि ट्रान्सिक यांनी त्याच नियतकालिकात १९८० ते २०१२ मधली सुमारे ९७ टक्के घसरण घटकाघटकांत वाटून दाखवली. आधीच्या काळात कार्यक्षमता आणि संशोधन पुढे होतं, २००१ नंतर कारखान्याच्या आकाराचं वजन वाढलं.

दोन्ही लेख आवर्जून वाचा. पण वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: दोन्ही पॅनेलबद्दल आहेत, कारखान्याच्या दारापर्यंतचे. गच्चीपर्यंतचा प्रवास २०२३ च्या 'नेचर एनर्जी'मधल्या क्लेमुन आणि सहकाऱ्यांच्या लेखात येतो. त्यांनी वस्तूंमधली सुधारणा आणि बसवण्याच्या पद्धतीतली सुधारणा वेगळी काढली. पद्धत सुधारली, पण वस्तूंच्या मानाने फार हळू. मजुरीसारखे खर्च जे उतरले, तेही मोठ्या प्रमाणात वस्तू सुधारल्यामुळेच. सोपं उदाहरण: पॅनेल जास्त वॅटचं झालं की तेवढ्याच विजेसाठी कमी पॅनेल चढवावी लागतात, म्हणून मजुरी कमी. मजूर आणि अर्ज होते तसेच राहिले.

माझ्या मते हा लेख तिघांत सगळ्यात उपयोगी आहे, कारण धोरण करणाऱ्याला नेमकं बोट ठेवायची जागा तो दाखवतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियम बदलले आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज उरली नाही. पॅनेल तेच, इन्व्हर्टर तोच, वाट बघणं मात्र कमी. हीसुद्धा खर्चातली घटच आहे, पण ती वॅटच्या आलेखात दिसणार नाही.

चूक चौथी: अनुदानाला स्वस्ताई म्हणणं

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर' योजना आली. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्यासाठी १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. सरकारनेच सांगितलं की हे पहिल्या दोन किलोवॅटच्या खर्चाचे ६० टक्के आणि तिसऱ्याच्या खर्चाचे ४० टक्के आहेत. आता उलटा हिशेब करा: ३०,००० भागिले ०.६ म्हणजे ५०,०००. १८,००० भागिले ०.४ म्हणजे ४५,०००. ३ किलोवॅटची सरकारी आधारभूत किंमत १,४५,००० निघाली. ग्राहकाच्या खिशातून ६७,०००.

"सोलर निम्म्याहून स्वस्त झालं" असं जे म्हणतात ते या ६७,००० कडे बघून. पण बनवायचा आणि बसवायचा खर्च १,४५,००० च आहे, उरलेले करदात्यांनी भरले. तसंच कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ग्राहकाला फायदा खराच, पण तंत्रज्ञान एका रात्रीत सुधारलं असं त्यातून निघत नाही. पेपर लिहिताना 'पॅनेलची किंमत', 'बसवण्याचा खर्च' आणि 'ग्राहकाने भरलेले पैसे' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

आणि मांजर्लीसारख्या ठिकाणी ७८,००० चा आकडा बहुतेकांच्या कामाचाच नाही. इथे लोक फ्लॅटमध्ये राहतात, गच्ची सोसायटीची. सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटला १८,००० मिळतात. आमच्या ५ किलोवॅटला ९०,०००.

मग माझा सल्ला किती महाग पडला?

५ किलोवॅटवर महिन्याला साधारण ६०० युनिट धरा. २४ महिन्यांचे १४,४०० युनिट. दर मुद्दाम कमी, ८ रुपये धरला, तरी १,१५,२०० रुपये बिलात गेले.

थांबून काय मिळालं? कोटेशनमध्ये १५,०००. बँकेत राहिलेल्या ३ लाखांवर ७ टक्क्यांनी साधं व्याज ४२,०००. आणि सोसायट्यांचं अनुदान २०२३ मध्ये किलोवॅटला ७,२९४ होतं ते १८,००० झालं, म्हणजे ५३,५३० जास्त. बेरीज १,१०,५३०.

तोटा फक्त ४,६७० रुपयांचा! दर साडेसात धरला तर उलट २,५३० चा फायदा दिसतो, ९ धरला तर १९,०७० चा तोटा. पॅनेल उशिरा बसली म्हणून शेवटी दोन वर्षं उशिरापर्यंत चालतील, ते तर मी धरलेलंच नाही.

सभेत हा कागद वाचला तेव्हा सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "म्हणजे तुझं बरोबरच होतं की रे!" मला हायसं वाटायला हवं होतं. पण १,१०,५३० मध्ये माझ्या आलेखाच्या नावावर फार तर १५,००० जमा होतात. सगळ्यात मोठा वाटा एका सरकारी निर्णयाचा, ज्याची २०२३ मध्ये मला काडीचीही कल्पना नव्हती. उत्तर जवळपास जुळलं, कारण मात्र चुकीचं होतं. संशोधनात हे सरळ चुकण्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण चुकीचं उत्तर कुणीतरी पकडतं आणि चुकीच्या कारणाने जुळलेलं उत्तर पुढच्या सभेतही तसंच वापरलं जातं.

पावसाळ्याआधी आमच्या गच्चीवर पॅनेल लागली. आता शेजारच्या इमारतीची कमिटी विचारतेय, बॅटरी घ्यावी की थांबावं. बॅटरीचाही असाच एक सुंदर उतरता आलेख आहे. या वेळी मोबाइल खिशातच ठेवला आणि त्यांच्याकडे आधी वर्षभराची बिलं आणि ओळीओळीचं कोटेशन मागितलंय.